थुकरटवाडी आणि पैनगंगेचा काठ : एका विनोदी पर्वाचा इतिहास

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाचा इतिहास लिहिण्याची मराठीच्या अभ्यासकांना सहसा गरज वाटत नाही. फार्सावर प्रबंध होतात, वगनाट्यावर होतात, एकांकिकेवर तर विपुल होतात. पण छोट्या पडद्यावरचे प्रहसन हे संध्याकाळच्या करमणुकीचे साधन, त्याला कसला आलाय इतिहास, अशीच आपली समजूत असते. ही समजूत आम्हांला सोयीची असली तरी खरी वाटत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी बोलींचा जाहीर वापर कुठे सर्वाधिक झाला, या प्रश्नाचे उत्तर कथा-कादंबरी किंवा रंगभूमी असे देता येत नाही. ते उत्तर विनोदी कार्यक्रम असे आहे, आणि त्यातही पहिला उल्लेख झी मराठीवरील ‘चला हवा येऊ द्या’चा करावा लागतो.

प्रस्तुत लेखात आम्ही या कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वाचा विचार करणार आहोत. १८ ऑगस्ट २०१४ रोजी तो सुरू झाला. पुढे तो महाराष्ट्र दौऱ्यावर, मग भारत दौऱ्यावर आणि २०१८ मध्ये विश्वदौऱ्यावर गेला. त्याआधीचा, ‘थुकरटवाडी’ या कल्पित गावात ठाण मांडून बसलेला जो टप्पा, तोच आम्हांला येथे अभिप्रेत आहे. विचाराची जागा आहे ढाणकी : यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातले, पैनगंगेच्या अलीकडचे, विदर्भाच्या अगदी काठावरचे गाव. मुंबईच्या चित्रीकरणगृहात रचलेले थुकरटवाडी ढाणकीतून कसे दिसते, हा आमचा प्रश्न आहे.

हास्याची भाषा : जुनी उतरंड

मराठी विनोदात भाषेची उतरंड दूरचित्रवाणीने आणलेली नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात. आणि विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो. हसवणाऱ्याची भाषा ही सत्तेची भाषा नसावी, हा संकेत इतका जुना आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, त्या परंपरेतला विदूषकही वनचराच्या वेषात येई. सूत्रधाराचे बोलणे सभ्य आणि विदूषकाचे वेडेवाकडे, या विरोधावरच हशा उभा राही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक नाटकाच्या शेवटी फार्स जोडण्याची प्रथा पडली, तेव्हा समकालीन माणसांची बोलण्याची लकब रंगमंचावर आली. पण ती आली ती चेष्टेचा विषय म्हणून.

तमाशाने मात्र ही उतरंड उलटी केली. तेथे सोंगाड्या आपल्या बोलीत बोलतो आणि फजिती होते ती राजाची, पाटलाची, कोतवालाची. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि दादू इंदुरीकरांनी गाजवलेले ‘गाढवाचं लग्न’ यांत बोलीची ही धार स्पष्ट दिसते. म्हणजे मराठी विनोदापुढे दोन वाटा होत्या. एकीत बोलीला हसायचे होते आणि दुसरीत बोलीतून हसायचे होते. दूरचित्रवाणीने यांपैकी कोणती वाट धरली हे पाहणे इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकात विनायक चासकर यांच्या निर्मितीतून ‘गजरा’ हा कार्यक्रम आकाराला आला. छोटी छोटी प्रहसने आणि त्यांना जोडणारे निवेदन हा त्याचा साचा होता. आज ज्याला आपण ‘स्किट’ म्हणतो त्याचा मराठी दूरचित्रवाणीवरील पूर्वज हाच. त्यातला विनोद प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाचा, चाळीचा, कचेरीचा आणि दिवाणखान्याचा होता. प्रेक्षकही तेव्हा तेवढाच होता. यवतमाळच्या खेड्यापर्यंत प्रक्षेपण पोहोचायला बरीच वर्षे जावी लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या आल्या. अल्फाचे पुढे झी मराठी झाले. २०१० नंतरच्या काही वर्षांत याच वाहिनीवर ‘फू बाई फू’ गाजले. जोडीने प्रहसन सादर करायचे, परीक्षकांनी गुण द्यायचे, असा तो स्पर्धेचा प्रकार होता. भाऊ कदम, भारत गणेशपुरे, सागर कारंडे ही नावे महाराष्ट्राच्या घराघरांत गेली ती या कार्यक्रमातून.

थुकरटवाडीची रचना

‘चला हवा येऊ द्या’ने स्पर्धा काढून टाकली आणि तिच्या जागी गाव आणले. हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण तोच मूलगामी ठरला. स्पर्धेत प्रत्येक प्रहसन वेगळे असते; गावात माणसे तीच राहतात आणि प्रसंग बदलतात. डॉ. निलेश साबळे हे लेखक, दिग्दर्शक आणि सूत्रसंचालक. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे आणि श्रेया बुगडे ही मंडळी गावकरी. एखाद्या नव्या चित्रपटाचे किंवा नाटकाचे कलावंत पाहुणे म्हणून गावात येत, आणि त्यांच्याच समोर त्यांच्याच कलाकृतीचे विडंबन होई.

पाहुण्यांचे कारण अर्थातच व्यावसायिक होते. २०१३ मधील ‘दुनियादारी’ आणि २०१४ मधील ‘टाईमपास’ व ‘लय भारी’ यांच्या यशाने मराठी चित्रपटाला प्रसिद्धीसाठी मोठा मंच हवा होता. तो या कार्यक्रमाने पुरवला. २०१६ मध्ये ‘सैराट’ची मंडळी येथे आली आणि त्याच वर्षी ‘फॅन’च्या निमित्ताने शाहरूख खानही आला. तारा गावात येतो आणि गावकरी त्याला अदबीने वागवण्याऐवजी त्याची टर उडवतात, ही रचना तमाशातल्या सोंगाड्याला जवळची आहे. मात्र तमाशातला सोंगाड्या राजाचे मिंधेपण घेत नाही. येथे पाहुणा हा कार्यक्रमाच्या अर्थकारणाचा भाग असल्याने टर उडवून झाल्यावर त्याचे कौतुक करणे ओघानेच येई. विडंबनाची धार बोथट होण्याचे कारण कलावंतांच्या कुवतीत शोधण्यापेक्षा या रचनेत शोधावे, असे आम्हांला वाटते.

‘थुकरटवाडी’ हे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. थुकरट म्हणजे हलके, सुमार, दर्जाहीन. कार्यक्रमाने स्वतःलाच हलके म्हणवून घेतले आणि टीकाकाराच्या हातातला दगड आधीच काढून घेतला. पण ‘वाडी’ हा शब्द आमच्या कानांना जरा दूरचा आहे. आमच्याकडे बंजाऱ्यांचा तांडा असतो, कोलामांचा पोड असतो. मराठी करमणुकीतले ‘गाव’ म्हटले की पश्चिम महाराष्ट्राचा पार, फेटा आणि पाटील हेच डोळ्यांपुढे येते. ग्रामीण चित्रपटांनी ते इतके रुजवले आहे की कापसाच्या मुलखातले खेडे त्यात मावत नाही. थुकरटवाडीही त्याच साच्यातून निघाली होती. फरक एवढाच की त्या वाडीत एक वऱ्हाडी माणूस राहायला आला.

येथे एका बाह्य घटनेची नोंद करणे आवश्यक आहे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची मोजणी २०१५ मध्ये ‘बार्क’ या नव्या संस्थेकडे गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरेही मोजणीत धरली जाऊ लागली. तोवरची मोजणी शहरांपुरती होती. ढाणकीसारख्या गावातले प्रेक्षक त्याआधीही कार्यक्रम पाहत होते, परंतु वाहिनीच्या हिशेबात ते नव्हते. थुकरटवाडीची कल्पना या मोजणीच्या आधीची आहे, त्यामुळे मोजणीने ती घडवली असे म्हणता येणार नाही. पण ती टिकली, फोफावली आणि पाठोपाठ मालिकांमध्येही गावे व बोली आल्या, यामागे हे कारण निश्चित आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ची नायिका नागपूरकडची भाषा बोलू लागली, त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूर पडद्यावर आणले. बोलीला जो मान परिसंवादांतून मिळाला नव्हता, तो आकडेवारीतून मिळाला. ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

‘करून राह्यला’ : कोणती वऱ्हाडी?

भारत गणेशपुरे हे अमरावतीचे. पहिल्या पर्वात त्यांनी जी वऱ्हाडी बोलली तिने पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’, ‘पोट्टे’ आणि ‘काय करून राह्यला’ हे प्रयोग परिचयाचे करून दिले. हे प्रयोग म्हणजे अशुद्ध मराठी नव्हेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नसावी. ‘ला’ऐवजी ‘ले’ हा प्रत्यय, ‘ळ’च्या जागी ‘य’, ‘येजो’-‘करजो’ ही आज्ञार्थी रूपे आणि ‘राहणे’ या सहायक क्रियापदाने दाखवलेली चालू क्रिया, ही सर्व वऱ्हाडीच्या व्याकरणाची नियमबद्ध लक्षणे आहेत. ग्रिअर्सनने १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात वऱ्हाडकडच्या बोलीचे नमुने नोंदवले आहेत. शिवाय मराठी गद्याचा उगम ज्या महानुभाव ग्रंथांत आपण शोधतो, त्यांची भूमी अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. आज मराठी भाषा विद्यापीठही तेथेच आहे. गद्याच्या आरंभाचा मान ज्या मुलखाचा, त्याच मुलखाची बोली पुढे हसण्यावारी जावी, हा इतिहासाचा एक विचित्र खेळ आहे.

गणेशपुऱ्यांचे महत्त्व असे की त्यांचा वऱ्हाडी माणूस मूर्ख नव्हता. तो संथ होता, चिडखोर होता, तिरकस होता; पण समोरच्याच्या शहाणपणावर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या बोलीला हसता हसता प्रेक्षक त्याच्या बाजूने हसू लागत. वर ज्या दोन वाटांचा उल्लेख केला त्यांपैकी दुसरी वाट येथे सापडते. अर्थात ही वाट त्यांनी एकट्याने पाडलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातच मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्सप्रेस’ने आणि शंकर बडे यांच्या ‘बॅरिस्टर गुलब्या’ने वऱ्हाडी विनोदाचा प्रेक्षक गावोगाव आधीच घडवला होता. गणपतीचे मांडव, शाळांची स्नेहसंमेलने, कविसंमेलने ही त्यांची रंगभूमी. शंकर बडे २०१६ मध्ये गेले. थुकरटवाडी भरात असतानाच हे घडावे, हा योगायोग आम्हांला सूचक वाटतो. वऱ्हाडी विनोदाचे केंद्र मांडवातून पडद्याकडे सरकले ते याच सुमारास.

मात्र पडद्यावरची वऱ्हाडी ही अमरावती-अकोल्याकडची होती. ढाणकीची भाषा तशी नाही. पैनगंगेपलीकडे हिमायतनगर लागते आणि मराठवाडा सुरू होतो. १८५३ नंतर अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य, अशी ही नदी १९४८ पर्यंत सरहद्द होती. शिवाय पुसद-उमरखेडचा हा टापू १९०५ पर्यंत आजच्या जिल्ह्यातही नव्हता, तो बाशीम जिल्ह्याचा भाग होता. सोयरिकी मात्र सरहद्द मानत नाहीत. त्यामुळे येथे एकाच घरात ‘काय करून राह्यला’ आणि ‘काय करायला’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात, ‘मपलं-तुपलं’ही येते. तांड्यावरचा विद्यार्थी घरी गोरबोली, मैदानावर ही मिश्र बोली आणि वर्गात प्रमाण मराठी बोलतो. पोडावर कोलामी आहे, ती तर द्राविडी कुळातली. पडद्यावर मात्र विदर्भ म्हणजे एकच सूर. एखादी बोली करमणुकीच्या बाजारात उतरली की तिचे एक रूप ठरते आणि बाकीची रूपे मागे राहतात. प्रमाण मराठीने बोलींचे जे केले तेच पडद्यावरच्या वऱ्हाडीने आमच्या काठावरच्या बोलीचे लहान प्रमाणात केले, असे म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही.

येथे वर्गातला एक अनुभव सांगितला पाहिजे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० ची कादंबरी शिकवताना कौतिकच्या तोंडचा एखादा संवाद मोठ्याने वाचला की काही विद्यार्थी हसतात. प्रसंग हलाखीचा असतो, बाई पिचलेली असते, आणि वर्गात खसखस पिकते. हे विद्यार्थी निर्दय नाहीत. त्यांच्या घरातल्या बायका थोड्याफार फरकाने अशाच बोलतात. पण ‘मले’ हा ध्वनी छापील अक्षरांत किंवा व्यासपीठावर आला की हसायचे असते, अशी सवय कानाला लागलेली आहे. ही सवय एकट्या दूरचित्रवाणीने लावली असे आम्ही म्हणणार नाही. शाळेने, कचेरीने आणि शहरातल्या नातेवाइकांनीही ती लावली. तरी पडद्याने ती पक्की केली. ‘धग’, गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ या कादंबऱ्यांनी वऱ्हाडीला दुःख पेलण्याचे बळ दिले होते. ज्या बोलीत फक्त हसता येते आणि रडता येत नाही, ती बोली अर्धी राहते. ‘हवा’च्या यशाचा हा अनपेक्षित परिणाम आहे.

पोस्टमनचे पत्र

असे असले तरी या कार्यक्रमाने रडण्याची सोय मुळीच केली नाही असे नाही. हास्याचा गदारोळ शमला की पोस्टमनच्या वेषात सागर कारंडे येत आणि एक पत्र वाचत. ही पत्रे अरविंद जगताप लिहीत. शेती, दुष्काळ, गावात मागे राहिलेले आईबाप असे त्यांचे विषय. २०१४ आणि २०१५ ही सलग दोन वर्षे महाराष्ट्रात दुष्काळाची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पत्रांची निकड समजते.

रसव्यवस्थेच्या दृष्टीने हा प्रकार विनोदी कार्यक्रमात विजोड वाटतो. काही समीक्षकांना ती भावनेची जुळवाजुळव वाटली, आणि पार्श्वसंगीत ऐकता तो आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु मराठी श्रोत्याला ही बांधणी नवी नाही. कीर्तनकार हसवून श्रोत्याला जवळ आणतो आणि मग हातचे राखून ठेवलेले सांगतो. आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर याला आणखी एक संदर्भ आहे. १९ मार्च १९८६ रोजी ज्या शेतकरी कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली, ते महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे; महागाव आमच्या शेजारचा तालुका. तेव्हापासून यवतमाळ हे नाव बातमीत येते ते बहुधा एकाच कारणाने. अशा जिल्ह्यात रात्री साडेनऊला सारे घर एकत्र बसून हसते, आणि त्याच बैठकीत शेतकऱ्याच्या घराबद्दलचे पत्र ऐकते, तेव्हा त्या पत्राची प्रत साहित्यिक निकषांवर जोखणे पुरेसे होत नाही.

या पत्राची भाषा मात्र बहुतांशी प्रमाण मराठीच्या जवळची असे. म्हणजे हसवताना बोली आणि गहिवर आणताना प्रमाण भाषा, ही जुनी विभागणी येथेही कायम राहिली. संस्कृत नाटकाचा संकेत नकळत थुकरटवाडीपर्यंत पोहोचला तो असा. त्याला छेद मिळाला तो दुसरीकडे. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्यापैकीच एक, वैशाली येडे यांनी केले. त्या व्यासपीठावरून या मुलखातल्या बाईचे गाऱ्हाणे तिच्याच तोंडून ऐकले गेले आणि कोणी हसले नाही.

आक्षेप आणि वारसा

पहिल्या पर्वावरचे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. एक, पुरुषांनी साडी नेसून हशा मिळवण्याचा अतिरेक. दुसरा, रंग, जाडी, उंची यांवरचे विनोद. पहिल्याच्या समर्थनार्थ परंपरेचा दाखला देता येतो. आमच्या भागातल्या दंडारीत पुरुषच बाईचे सोंग घेतात, तमाशात नाच्या असतो. पण दंडारीत बाई दाखवायला बाई मिळत नसे. येथे श्रेया बुगडेंसारखी समर्थ अभिनेत्री मंचावर असताना साडीतला पुरुष हाच हशाचा हुकमी एक्का ठरला. परंपरा ही सबब म्हणून पुरी पडत नाही. दुसऱ्या आक्षेपाला तर परंपरेचाही आधार नको; तो मान्यच केला पाहिजे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठी वाहिनी सुरू झाली आणि सचिन गोस्वामी व सचिन मोटे यांच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने प्रहसनाला पाहुण्यांच्या प्रसिद्धीपासून सोडवून लेखनाकडे परत आणले. ‘चला हवा येऊ द्या’ मार्च २०२४ मध्ये थांबला आणि जुलै २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाने नव्या रूपात परतला. दरम्यान पहिल्या पर्वाचे तुकडे मोबाइलवर फिरत राहिले. आज महाविद्यालयात येणारी मुले त्या पर्वाच्या वेळी शाळेत होती. त्यांच्यासाठी थुकरटवाडी म्हणजे दोन-तीन मिनिटांचे तुकडे. त्यांत पत्र बहुधा नसते, कारण पत्राला आधीच्या तासाभराच्या हास्याची गरज असते.

अभ्यासकापुढची अडचणही येथेच आहे. फार्साच्या पुस्तिका छापल्या गेल्या म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. भाव्यांच्या नाटकातले उत्स्फूर्त संवाद कोणी उतरवले नाहीत, म्हणून आपल्याकडे त्यांची पदेच उरली. दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांच्या संहिता आज वाचायला मिळत नाहीत, आणि चित्रफिती वाहिनीच्या मर्जीवर अवलंबून आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजाततेचा पुरावा म्हणून आपण दोन हजार वर्षांमागे गेलो. दहा वर्षांमागची बोली जपण्याची व्यवस्था मात्र आपल्यापाशी नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी या पर्वातील निवडक प्रहसने ऐकून शब्दशः उतरवून काढावीत. शेजारी आपल्या गावात तोच अर्थ कसा बोलला जातो हे लिहावे; ढाणकीच्या, बिटरगावच्या, तांड्यावरच्या मुलांनी आपापल्या परीने लिहावे. मग ‘धग’मधला एखादा उतारा त्याच वर्गात पुन्हा वाचावा. या वेळी ‘मले’ आल्यावर कोण हसते आणि कोण थांबते, त्याचीही नोंद ठेवावी.